हबला हात लावला का?

एयरोसिटीत सकाळ विमानांच्या आवाजाने उजाडते. शहीद भगतसिंग आंतरराष्ट्रीय विमानतळ हाकेवर, आणि त्याच धावपट्टीवर हवाई दलाचा तळ. प्रवासी विमानांची सवय चार दिवसांत होते, चिनूक डोक्यावरून गेलं की मात्र खिडक्यांच्या काचा अजून थरथरतात. पोस्टिंग चंडीमंदिरला, क्वार्टरची यादी लांब, म्हणून सध्या भाड्याने इथे. लोक याला चंदीगड म्हणतात, वीजबिल मात्र पंजाबचं, मोहालीचं येतं. रस्ते रुंद, प्लॉट आखीव, आणि गल्लीत रिटायर्ड फौजी मुबलक. जिथे रिटायर्ड फौजी तिथे जुनी जिप्सी. आमच्या ब्लॉकमध्येच तीन उभ्या आहेत.

रविवारी चहाला चौकडी जमली की गाडीवरच गाडी येते. कोणीतरी विचारतं, "कितना देती है?" आणि ठरलेलं उत्तर येतं, "जिप्सी है जी, पीती है." सगळे हसतात. शेजारचे सरदारजी सुभेदारसाब वर जोडतात, "शौक दा कोई मुल नहीं." पुन्हा हशा. मी हसत नाही. माझं या वाक्याशी भांडण आहे, आणि आजचा लेख त्या भांडणाचाच.

ज्यांनी नोकरीत एमटी पार्क पाहिलंय त्यांनी आठवून बघावं. तिथे ॲव्हरेज हा शब्द चालत नव्हता, केपीएल चालायचा. गाडीचा केपीएल काढायचा, कार डायरीत चढवायचा, आणि घसरला की ड्रायव्हरला बोलावणं यायचं. एखाद्या ड्रायव्हरने एमटीओसमोर उभं राहून "सर, पीती है" म्हटलं असतं तर काय झालं असतं? का पिते, कुठे पिते, हे शोधून आल्याशिवाय त्याला त्या दिवशी लंगर दिसला नसता. तीच माणसं पेन्शनवर आली, स्वतःच्या खिशातून पेट्रोल भरायला लागली, आणि गाडी पिते हे अभिमानाने सांगायला लागली. सरकारी पेट्रोलचा हिशेब ठेवणारा हात स्वतःच्या पेट्रोलला ढिला का पडतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.

आता अण्णांची गोष्ट. अण्णा माझ्याच शिरोळ तालुक्यातले, सैनिक टाकळीच्या बाजूचे, हवालदार म्हणून निवृत्त. मुलगी-जावई इथे नोकरीला, म्हणून नातवंडांसाठी इकडेच राहिले. वयाने मोठे म्हणून मी त्यांना अण्णा म्हणतो, आणि माझ्या खांद्यावरच्या पट्टीमुळे ते मला साहेब म्हणतात. कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत. त्यांची जिप्सी किंग फौजेच्या लिलावातली, एमपीएफआय, 1.3 लिटर. घेतल्यावर त्यांनी तिला सजवली. 235/75 चे रुंद खडबडीत टायर, पुढे लोखंडी बंपर, वर कॅरिअर, कॅरिअरवर दोन जेरीकॅन आणि एक फावडं. एयरोसिटीत फावडं कशाला लागतं, हे मी विचारलं नाही.

एके दिवशी अण्णा शहरातल्या एका मोटार दुकानातून सहा हजारांचं 'मायलेज किट' घेऊन आले. पेट्रोलच्या पाइपला बांधायचं चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्यांची डबी. मी विचारलं, आधी किती देत होती? म्हणाले, "साडेसात. जिप्सी हाय साहेब, पिनारच की." आणि किट लावल्यावर? "साडेसात. पर पळतीया मोकळी."

चुंबकाचा विषय इथेच संपवतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, असली शंभरावर यंत्रं तपासली आहेत, त्यात चुंबकंही होती. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. पेट्रोल लोखंडासारखं चुंबकाला चिकटत नाही, हे कळायला खरं तर अमेरिकेची गरज नाही. पण माझा राग दुकानदारावर कमी आहे, तो विकायलाच बसलाय. राग आहे तो आपण मोजल्याशिवाय विकत घेतो यावर.

अण्णांचा साडेसातचा आकडाच मुळात खोटा होता, आणि अण्णा खोटं बोलत नव्हते. जिप्सीचा मूळ टायर 205/70 आर15, उंची साधारण 67 सेंटिमीटर. 235/75 आर15 ची उंची 73 च्या पुढे. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते. मीटरवर 100 किलोमीटर दिसले तेव्हा अण्णा जवळजवळ 110 चालले होते. म्हणजे साडेसात नव्हे, सव्वाआठच्या आसपास. मोठे टायर लावून "ॲव्हरेज पडलं" म्हणून रडणाऱ्यांनी आधी एवढा भागाकार करावा. उरलेली घट मात्र खरी आहे. जड टायर फिरवायला ताकद लागते, गिअरिंग उंच होतं, आणि किंचित चढ आला की पाचवा गिअर सोडून चौथ्यात यावं लागतं. दिखाऊ टायरवाल्याचा पाचवा गिअर बहुतेक वेळा रिकामाच बसलेला असतो.

मोजायची रीत फौजेतलीच. टाकी फुल करा, पंपाची नोझल आपोआप बंद पडली की थांबा, मीटर लिहा. दोन-तीनशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तशीच पुन्हा फुल करा, किती लिटर गेलं ते लिहा. एकदा नाही, तीनदा. काट्यावरून अंदाज बांधू नका. जिप्सीची टाकी 40 लिटरची, आणि जुन्या जिप्सीचा काटा म्हणजे पावसाळ्यातला हवामान अंदाज.

मग मी अण्णांना म्हटलं, चला, विमानतळ रस्त्याने झिरकपूरकडे एक चक्कर मारू. परत आलो, गाडी थांबवली, आणि मी विचारलं, "हबला हात लावला का?"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. हॉल्ट परेड हो! कॉन्व्हॉय थांबला की चहाच्या आधी ड्रायव्हर उतरून काय करायचा? टायर बघायचा, गळती बघायची, आणि प्रत्येक चाकाच्या हबला हात लावून कुठलं जास्त तापलंय ते बघायचा. पंचवीस वर्षं हेच केलेला माणूस पेन्शनला आल्यावर एकदाही वाकला नव्हता. त्यांनी उजव्या पुढच्या हबला हात लावला, कोमट. डाव्या पुढच्याजवळ नुसता हात नेला आणि मागे घेतला.

जॅक लावून चाक उचललं. हाताने जोर देऊन ढकललं तर अर्धा फेराही पुरा होईना. कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकलेला. घग्गरच्या पात्रात पाणी उडवत फिरल्याचा फोटो अण्णांच्या मोबाइलवर आहे, त्यानंतर ब्रेक उघडून कोणी साफ केले नव्हते. पाय पेडलवरून काढला तरी पॅड डिस्कला घासत होता. म्हणजे अण्णा कित्येक महिने ब्रेक लावून गाडी चालवत होते आणि पेट्रोल वाढवून तो ब्रेक ओढत होते. सहा हजारांचं चुंबक त्या पिस्टनला काय करणार?

पुढचं ऐका. त्याच आठवड्यात नातवंडांना मागे बसवून कसौलीला जायचं ठरलेलं होतं. कसौली सुमारे 1,900 मीटरवर, कालका साडेसहाशेच्या आसपास. उतरताना बाराशे मीटरचा उतार सगळा ब्रेकवर. घासणाऱ्या पॅडने आधीच तापलेला ब्रेक, जुनं झालेलं ब्रेक ऑइल, ते उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ झाली की पेडल सरळ खाली. मी हे अण्णांना सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही. पॅड हातात घेतला तेव्हा एका बाजूला पत्रा लागायचा राहिला होता. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझं भांडण आहे ते यासाठी. ॲव्हरेज पडणं म्हणजे गाडीला आलेला ताप आहे. गाडी आपल्याला रिपोर्ट देतेय की कुठेतरी काही अडलंय, घासतंय, गळतंय. "पीती है" म्हणणारा तो रिपोर्ट न वाचता फाडून टाकतो. चुंबक बांधणारा त्या रिपोर्टवर अंगारा लावतो. दोघांचं पेट्रोल जातं तो भाग वेगळा, पण रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं ते कोणालाच कळत नाही, आणि मागच्या सीटवर मुलं असतात.

अण्णांच्या गाडीत दुसरी चोरीही सापडली. इंजिनचा तापमानाचा काटा कायम तळाशी. लिलावातून आल्यावर कोणा मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, "इकडे गरमी असते, गाडी थंड राहते" म्हणून. ही आपल्या देशातली गॅरेजोगॅरेजी चालणारी परोपकारी चूक आहे. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन हव्या त्या तापमानाला पोचतच नाही, आणि एमपीएफआयचा कॉम्प्युटर समजतो की गाडी अजून नुकतीच सुरू झाली आहे, म्हणून जास्त पेट्रोल सोडत राहतो. चंदीगडच्या जानेवारीत, धुकं आणि पाच-सहा अंश तापमान असताना तर इंजिन घरापासून ऑफिसपर्यंत गारठलेलंच. नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांत येतो. गाडी उन्हाळ्यात खरंच तापत असेल तर रेडिएटर साफ करा, पंखा बघा. ताप येतो म्हणून थर्मामीटर फेकायचा नसतो.

एअर फिल्टरबद्दल मात्र एक उलटी गोष्ट. घाण फिल्टरने ॲव्हरेज पडतं हे आपण तोंडपाठ म्हणतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीत ते खरं आहे. इंजेक्शनच्या गाडीत नाही. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 मध्ये हे तपासलं, फिल्टर चोंदला तर गाडीचा जोर कमी होतो, पेट्रोल फारसं वाढत नाही, कारण कॉम्प्युटर आत येणाऱ्या हवेनुसारच पेट्रोल देतो. फिल्टर बदला, इंजिनच्या आयुष्यासाठी बदला. पण महागडा 'स्पोर्ट्स' फिल्टर घेऊन दोन किलोमीटर वाढतील असं कोणी सांगत असेल तर त्याला चुंबकवाल्याच्या शेजारी बसवा.

फोर व्हीलचं काय? जिप्सीचं फोर व्हील पार्टटाइम आहे, मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर 4एच टाकून फिरणाऱ्याची पुढची-मागची चाकं वळणावर एकमेकांशी कुस्ती खेळतात, पेट्रोल, टायर आणि ट्रान्सफर केस तिन्ही झिजतात. विमानतळ रस्त्यावर फोर व्हीलचा दिवा लावून जाणारा मी डोळ्यांनी पाहिलाय. ज्यांच्या पुढच्या हबना लॉक आहेत त्यांनी डांबरावर ते मोकळे ठेवावेत, पुढचा शाफ्ट उगाच फिरत नाही. फायदा थोडा आहे, पण फुकट आहे. मात्र महिन्यातून एकदा लॉक करून थोडं कच्च्या रस्त्यावर चालवा, नाहीतर आतलं ग्रीस एका जागी बसतं.

कॅरिअरवर अण्णा सगळ्यात जास्त भांडले. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगितले, छतावरचं मोठं बोजड ओझं हायवेवर 6 ते 17 टक्के पेट्रोल खातं, आणि प्रत्येक 45 किलोला साधारण एक टक्का वेगळा. ते आकडे मोठ्या गाड्या धरून काढलेले, आपली जिप्सी मुळात हजार किलोच्या आतबाहेरची. हलकी आहे म्हणून तर फौजेने तिला डोक्यावर घेतली, जिथे जड गाडी रुतते तिथून ही निघून जाते. त्या हलकेपणावर दीडशे किलो लोखंड चढवायचं आणि मग ती पिते म्हणून तिलाच नावं ठेवायची. अण्णांचं म्हणणं, "शोभा हाय की साहेब." शेवटी फावडं उतरलं, जेरीकॅन उतरले, कॅरिअर उतरलं. बंपर राहिला. काही किल्ले सोडावे लागतात.

सरदारजी सुभेदारसाबांचा हिशेब त्याहून मजेशीर. मोहालीपेक्षा चंदीगडमध्ये पेट्रोल लिटरमागे तीन-चार रुपयांनी स्वस्त, म्हणून ते खास चंदीगडच्या हद्दीतल्या पंपावर जातात. जाऊन-येऊन बारा किलोमीटर. तीस लिटर भरलं तर शंभर-एक रुपये वाचले. जिप्सीने त्या फेरीत सव्वा लिटर जाळलं, ते एकशेपंधरा-वीसचं. मी कागदावर मांडून दाखवलं. म्हणाले, "पर रौनक वेख आंदे हां." याला उत्तर नाही. ऑफिसला जाता-येता वाटेत भरत असाल तर जरूर भरा.

एका सवयीवर मात्र मी हसून सोडणार नाही. परवाणूच्या उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे जुने ड्रायव्हर अजून आहेत. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की आयडलिंगला पेट्रोल लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला पेट्रोल जास्त जाळतो आणि इंजिनचा ब्रेकही घालवतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन चमचे वाचत असतील, पण घाटात तेवढ्यासाठी जीव टाकायचा? चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे फौजेत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

आता इथेनॉल. हल्ली चहावर प्रत्येक बिघाड त्याच्या नावावर खपतो. धोरणावर बोलणं माझ्या वर्दीचं काम नाही, मी लिटरवर बोलतो. शिवाय मी उसाच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्या ट्रॉल्या कारखान्याच्या गेटवर रात्र-रात्र उभ्या राहिलेल्या आहेत. इथेनॉलने घरात पैसा आला तर मला आनंदच आहे. पण हिशेब तो हिशेब. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी. वीस टक्के मिसळलं की जुन्या गाडीचं सहा-सात टक्के कमी होणार, आणि नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातही इथेनॉलशिवायच्या पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकींना सहा-सात टक्केच धरले आहेत. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ही घट किरकोळ म्हटली. चाळीस लिटरच्या टाकीमागे अडीच लिटर ज्याच्या पेन्शनमधून जातात त्याला ती किरकोळ वाटत नाही, आणि त्याला तसं वाटण्याचा हक्क आहे.

पण सहा-सात म्हणजे सहा-सातच. अकराची गाडी साडेसातवर आली तर ते जवळजवळ बत्तीस टक्के झाले. बाकीचे पंचवीस-एक टक्के उसाच्या माथी का मारता? तिथे तुमचा अडकलेला कॅलिपर आहे, तुमचं कॅरिअर आहे, तुमचा उजवा पाय आहे. इथेनॉलच्या निमित्ताने एक काम मात्र खरंच करा, जुने पेट्रोलचे रबरी पाइप हाताने दाबून बघा. कडक, चिरलेले किंवा ओलसर लागले तर लगेच बदला. ती गळती फक्त ॲव्हरेजची नाही, गरम इंजिनशेजारची आहे. कार्ब्युरेटरवाल्यांना आणखी एक. इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते, तुमचा जेट हे ओळखत नाही, मिश्रण पातळ होतं, सकाळी गाडी खोकते. चोक ओढून दिवस काढू नका, जाणत्या मिस्त्रीकडून ट्यूनिंग करून घ्या.

टायरची हवा, टो-इन, प्लग, ट्रान्सफर केसचं ऑइल, हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही नवीन मुलांना शिकवलंय. कच्च्यात उतरायला हवा काढली तर डांबरावर आल्यावर भरा, एवढंच. आणि गाडी चालू ठेवून गेटवर गप्पा मारू नका, उभ्या इंजिनलाही तासाला पाऊण लिटर लागतं.

अण्णांचा निकाल सांगतो. कॅलिपर साफ करून नवी सीलं आणि पॅड, ब्रेक ऑइल नवीन, थर्मोस्टॅट, कॅरिअर खाली, हवा बरोबर. कशाने किती वाढलं ते वेगळं सांगता येणार नाही, कारण मी एकेक काम करून मोजा म्हटलं होतं आणि अण्णांनी सगळं चार दिवसांत उरकलं. मीटरची दुरुस्ती धरून तीन टाक्यांची सरासरी दहाच्या थोडी वर आली. महिन्याला आठशे किलोमीटर धरले तर सतरा-अठरा लिटर वाचतात. कसौलीला जाऊन आले, धरमपूरला थांबून चारही हबना हात लावला, नातवालाही लावायला लावला. मोठे टायर झिजले की मूळ मापाचे घेणार म्हणतात. बघू.

चुंबक अजून पाइपवरच आहे. काढा म्हटलं तर म्हणाले, "राहू दे साहेब, सहा हजार दिल्यात."

येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही अण्णांच्या गेटपाशी सुभेदारसाबांची जिप्सी जॅकवर घेणार आहोत. जवळपास कोणी असाल तर या. येताना टाकी फुल करून, मीटर लिहून या, आणि कॅरिअर घरी ठेवा.